नाना घाबरट झालेले नाहीत

प्रिय नीलू,

तुझं पत्र काल मिळालं. ‘नाना अगदी घाबरट झालेत, घटकाभर एकटं सोडत नाहीत’ हे वाचलं आणि पुढचं वाचवेना. आईच्या वेळी आमच्या घरात हेच शब्द होते, आणि ते माझ्या तोंडचे होते.

नानांसारखंच आईलाही हार्ट फेल्युअर होतं. तिच्या हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलं तेव्हा ती रात्री दोनला उठून बसायची. पाय पलंगाखाली सोडलेले, एका हातात खिडकीचा गज. ‘जीव घाबरा होतोय गं,’ म्हणायची. मी म्हणायचे, ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत, पड बघू.’ बिचारी पडायची आणि पाच मिनिटांत पुन्हा बसायची. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं, अशक्त हृदयाला ते पेलत नाही आणि फुप्फुसांत साचतं, हे डॉक्टरांनी पुढे समजावलं. तिचं उठून बसणंच बरोबर होतं. मी तिला परत झोपवत होते, हे अजून सलतं.

आपल्याकडे दम कोंडला तरी ‘जीव घाबरा झाला’ म्हणतात आणि भीती वाटली तरी तेच म्हणतात. हार्ट फेल्युअरमध्ये ही दोन्ही खरोखरच एक होतात, नीलू. हृदय कमी रक्त ढकलतं, तेव्हा मानेतल्या धमन्यांमधले दाब ओळखणारे मज्जातंतू मेंदूला कळवतात. मेंदूला वाटतं, कुठेतरी रक्तस्राव होतोय. मग नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे तणावाचं संप्रेरक वाढतं, ठोके वाढतात, मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. हृदयाला शांत करणारी व्हेगस नस ढिली पडते. वाघ समोर आल्यावर दोन मिनिटांपुरती असावी ती तयारी नानांच्या अंगात महिनोन्‌महिने चालू आहे. असं धडधडणारं शरीर घेऊन कुणाला स्वस्थ वाटेल?

2023 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कार्ल डायसेरॉथ यांच्या गटाने उंदरांच्या हृदयाच्या पेशी प्रकाशाला प्रतिसाद देतील अशा केल्या आणि त्यांचे ठोके नुसत्या प्रकाशाने वाढवले. घाबरवणारं काही केलं नाही, तरी ते उंदीर मोकळ्या, धोक्याच्या जागी जायला कचरू लागले. मेंदूतला इन्सुला हा शरीराच्या आतल्या संवेदना टिपणारा भाग शांत केला, तेव्हा ती भीती उतरली. हे वाचताना मला आईचा गज धरलेला हात दिसत होता.

नानांची बीटा ब्लॉकरची गोळी याच नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा मारा थोपवते. पूर्वी ती या आजारात द्यायला डॉक्टर घाबरत. 1999 मध्ये बिसोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरच्या मोठ्या चाचणीत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्यामुळे ‘गळल्यासारखं वाटतं’ म्हणून नानांनी ती परस्पर बंद करू नये, एवढं बघ. झोपेची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस.

आणि रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन कर. आकडा कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिही. घोट्यावर अंगठा दाबून खळगा राहतो का पाहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा झोपायला एका उशीऐवजी तीन लागू लागल्या, तर डॉक्टरांना लगेच फोन. बसूनही धाप थांबली नाही, तर रात्र असो वा दिवस, थेट दवाखाना गाठ. इतकं करूनही भीती उरली तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांग. तिच्यावरही उपचार असतात.

आज रात्री ते उठले तर उशा पाठीशी लाव, पाय खाली सोडू दे आणि जवळ बस. काही समजावू नकोस. मी शनिवारच्या गाडीने येते. दोन रात्री मी नानांजवळ बसेन, तू झोप.

तुझी,
शुभा