मुलांनाही विचारा

संपादक महोदय,
अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर भागात आमिश या जुन्या चालीच्या ख्रिस्ती पंथातील शेतकऱ्यांच्या शाळा एकाच खोलीत भरतात. पहिली ते आठवीची मुले एकत्र बसतात, मोठी मुले धाकट्यांचा अभ्यास घेतात. शिकवणारी बहुधा समाजातलीच अविवाहित तरुणी, स्वतः आठवी शिकलेली. घरी जर्मन बोली, शाळेत इंग्रजी. खर्च, डागडुजी सारे पालकच बघतात. हा जिव्हाळा मला मनापासून भावतो. पण आठवीनंतर पाटी फुटते! १९७२ च्या योडर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच तशी मुभा दिली. एखाद्या मुलाला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचे असेल तर त्याचे मतही ऐका, असे न्या. विल्यम डग्लस यांनी तेव्हाच बजावले होते. मला त्यांचेच म्हणणे पटते. चौदा वर्षांच्या मुलीला पुढे शिकायचे असेल, तर धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली तिला अडवू नये.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा