भगव्या छाटीतला प्रवास

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. दादरला भेटायला येताना संन्याशाच्या भगव्या छाटीऐवजी साधा सदरा-पायजमा घातलास तर तुलाच सोयीचे होईल, असे तू काळजीपोटी लिहिले आहेस, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

सोयीचे होईल हे खरेच. मी लोकलमध्ये चढलो की आसपासचे बोलणे क्षणभर थांबते. माझ्याहून वडील गृहस्थ उठून जागा देऊ लागतात, कोणी हातात दहाची नोट कोंबतो, कोणी तळहात पुढे करून मुलीच्या लग्नाचे विचारतो आणि मला हात पाहता येत नाही असे सांगताच त्याचा चेहरा उतरतो. गेल्या महिन्यात एकाने भर डब्यात मला भोंदू म्हटले. राग आला, आणि ही छाटी अंगावर असताना राग आला याची लाज त्याहून अधिक वाटली. अशाच वस्त्रातल्या कोणीतरी त्याला फसवले असेल, तर त्याचा हिशेब मलाही ऐकून घेतलाच पाहिजे.

विवेकानंद ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून निघाले आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेतून शिष्याला लिहिते झाले, की रस्त्यात आपल्याला पाहायला शेकडो लोक जमतात, तेव्हा एरवीसाठी लांब काळा कोट शिवून घ्यावा आणि भगवा झगा व फेटा व्याख्यानापुरता ठेवावा. त्यांना तसे करावे लागले, यात मला काहीच उणे दिसत नाही, कारण तो मुलूख परका होता. मी मात्र माझ्याच गावात, माझ्याच भाषेच्या माणसांत वावरतो.

शिवाय हा रंग मी स्वतः चढवतो. गेरूचा खडा ओल्या दगडावर उगाळायचा, ते पाणी फडक्यातून गाळायचे आणि धुतलेले पांढरे कापड त्यात बुडवून सावलीत वाळवायचे. तरी पहिल्या पावसात तो उतरतो आणि बोटांच्या पेरांना तांबूस लागून राहतो. संन्यास घेताना स्वतःचे श्राद्ध स्वतःच्या हाताने केले, शेंडी आणि जानवे अग्नीत दिले, आणि मग ही वस्त्रे मिळाली. ती प्रवासापुरती उतरवून ठेवायची, तर ते सारे मठाच्या आवारापुरतेच होते असे होईल.

तेव्हा रविवारी मी याच वेशात येईन. तुझ्या सोसायटीतल्या लोकांसमोर तुला संकोच वाटत असेल तर मोकळेपणाने कळव. आपण चैत्यभूमीजवळ समुद्रावर भेटू, मला त्यात जराही वाईट वाटणार नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच