नौदलातील अनुभवाचे चीज

महोदय,

देवळालीचा तोफखाना आणि ओझरचा विमान कारखाना यांमुळे नाशिकच्या मुलांना लष्कर व हवाई दल जवळचे वाटते, नौदल मात्र परकेच राहते. म्हणून व्हाइस ॲडमिरल जी. अशोक कुमार यांच्या कारकिर्दीकडे लक्ष वेधावेसे वाटते. तमिळनाडूतील सैनिकी शाळा आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी या वाटेने ते १९८२ मध्ये नौदलात दाखल झाले, नौवहनात पारंगत झाले, २०१९ ते २०२१ या काळात नौदलाचे उपप्रमुख होते आणि २०२२ मध्ये देशाचे पहिले राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयक झाले.

२००८ मध्ये दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून मुंबईपर्यंत आले, तेव्हा किनाऱ्यावर अनेक यंत्रणा होत्या, पण त्यांच्यात ताळमेळ नव्हता. नौदल, तटरक्षक दल, बंदरे आणि राज्यांचे सागरी पोलीस यांना एका सूत्रात आणणे हेच या समन्वयकाचे काम; त्यासाठी समुद्रावर हयात घालवलेलाच माणूस हवा, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या आठवड्यात नकाशावरील कोकण किनाऱ्यावरून बोट फिरवत माझ्या वर्गातील एका मुलीने विचारले, “सर, समुद्र न पाहिलेल्यांना नौदलात घेतात का?” तिच्यासाठी अशा अधिकाऱ्यांचा परिचय आपण नियमितपणे छापावा, ही विनंती.

– एक शिक्षक, पंचवटी, नाशिक