व्हीटेकचा टप्पा अंदाजाने बदलू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या होंडा गाड्यांमधील व्हीटेक (इंजिनाचा वेग वाढल्यावर व्हॉल्व्ह जास्त उघडणारी रचना) कमी आरपीएमलाच, म्हणजे मिनिटाला कमी फेऱ्यांनाच, सुरू करून घेतले की गाडीला जोर येतो, असे सांगणाऱ्या एका गॅरेजात मीही पैसे मोजले, म्हणून हे पत्र.

१९८९ साली जपानमध्ये इंटेग्रा गाडीत आलेल्या या रचनेत कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर) सौम्य आणि उंच असे दोन प्रकारचे लोब, म्हणजे फुगवटे, असतात. ठरलेल्या आरपीएमला, म्हणजेच टप्प्याला, ईसीयू (इंजिनाचा संगणक) सोलेनॉइड (ऑइलची विजेवर चालणारी झडप) उघडतो, ऑइलच्या दाबाने पिन सरकते आणि रॉकर आर्म (लोबचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे) एकत्र जखडले जाऊन उंच लोबच्या तालावर चालू लागतात. हा टप्पा फार खाली आणला, तर व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त वेळ उघडे राहिल्याने आत घेतलेले मिश्रण काही प्रमाणात इनटेकमध्ये (आत येण्याच्या मार्गात) परत ढकलले जाते आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, घटतो. माझी गाडी ऐन ओव्हरटेकच्या वेळी दम टाकू लागली. आवाज मात्र झकास!

वास्तविक डायनोवर (इंजिनाचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी एकदा केवळ सौम्य लोबवर आणि एकदा केवळ उंच लोबवर चालवून, दोन्हींचे इंधन व इग्निशन नीट बसवल्यावर, टॉर्कचे आलेख जिथे एकमेकांना छेदतात तिथेच टप्पा ठेवायचा असतो. त्याआधी ऑइलची पातळी तरी पाहावी. दुसऱ्या मेकॅनिकने सोलेनॉइड खोलला, तेव्हा आतली बारीक जाळी काळ्या गाळाने भरलेली निघाली. ती धुऊन, गॅस्केट बदलून, टप्पा मूळ आकड्यावर नेल्यावर गाडी पूर्ववत झाली.

आपला,
एक वाचक, पुणे