बूट बाहेर काढून आत आलेल्या काकांना

काका,

हे तुम्ही वाचणार नाही हे माहीत आहे, तुम्हाला मराठी येत नाही आणि मी तुम्हाला मनातल्या मनात काका म्हणते हेही तुम्हाला माहीत नाही. पण तीन आठवडे झाले तरी तो दिवस डोक्यातून जात नाहीये. तुमच्या भाषेत थँक्यू म्हणून झालं, चारदा म्हणून झालं, त्याने माझं काही भागलं नाही, म्हणून आता माझ्या भाषेत लिहितेय.

रात्रभर पाऊस होता. पार्कात उभ्या असलेल्या आमच्या ट्रेलरवर, म्हणजे गाडीमागे ओढत नेतो त्या आमच्या चाकांवरच्या घरावर टाकलेली निळी ताडपत्री बघून तुम्ही सकाळी दार वाजवलंत, "गळतंय का?" विचारलंत, आणि मी हो म्हटल्यावर सरळ आत नाही आलात. पायरीवर बसलात. गुडघ्याला हात लावून, हळूहळू. लेस भिजून घट्ट बसली होती, ती सोडवायला तुम्हाला चांगला वेळ लागला आणि मी वर उभी राहून नुसती बघतेय. म्हटलं अहो राहू द्या, तसंही आत सगळा चिखलच झालाय. तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पण तुम्ही राहता ना इथे."

मी भांडी आवरायच्या निमित्ताने सिंककडे तोंड फिरवलं ते यासाठी, आता सांगते.

कारण त्याआधी दोनदा आम्ही ट्रेलर सर्व्हिस सेंटरला दिला होता. पहिल्या वेळी सहा आठवडे. घराचं काम निघालं की माणसं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात, आमचं घरच बेड, कपडे, कामाच्या टेबलासकट दुसऱ्याच्या आवारात जाऊन उभं राहतं, आणि आम्ही बॅगा घेऊन ओळखीच्यांच्या सोफ्यावर. फोन केला की "तुमचं युनिट रांगेत आहे". युनिट! परत मिळालं तेव्हा कोपऱ्यातलं छत बघायला कुणीतरी बुटांसकट गादीवर चढलेलं होतं, चादरीवर ठसे तसेच. आणि निदान काय तर गळती वगैरे काही नाही, तुम्ही आत स्वयंपाक करता त्याची वाफ आहे, खिडक्या उघड्या ठेवत जा. बिल मात्र व्यवस्थित, पानभर.

आता वाफेचं अगदीच खोटं नाही, हे तुम्हीच सांगितलंत. एक किलो प्रोपेन जळला की दीड लिटरच्या वर पाणी तयार होतं, हीटरचं धुराड्यातून बाहेर जातं पण शेगडीचं सगळं आतच राहतं, वर दोन माणसांचे श्वास. पण वाफेचं पाणी सगळ्या खिडक्यांवर दिसेल, दर थंड सकाळी दिसेल. एकाच कोपऱ्यात आणि फक्त पावसानंतर दिसतंय म्हणजे ते बाहेरून येतंय. इतकं सोपं! पण ते सांगायला कुणीतरी आधी मला "कधी ओलं होतं?" असं विचारायला हवं होतं ना. तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारलात. मग अंगठ्याने भिंत दाबत दाबत खालपर्यंत गेलात, आणि एका जागी अंगठा आत गेला, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा.

पाऊस थांबल्यावरचा तो ब्लोअरचा प्रकार तर मी जन्मात विसरणार नाही. छताच्या खिडकीत पुठ्ठा आणि टेप लावून ब्लोअर बसवलात, बाकी सगळं बंद, आतून हवा फुगवली आणि बाहेरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. नवरा म्हणाला हे काय सायकलचं पंक्चर आहे का? आणि पुढच्या वरच्या कोपऱ्यातल्या त्या चिमुकल्या मार्कर लाइटच्या, म्हणजे रात्री ट्रेलरची कड दिसावी म्हणून असलेल्या दिव्याच्या कडेने फेस यायला लागला. एवढेएवढे फुगे, एकामागून एक. ओल येत होती बेडच्या उशाशी, भोक होतं तिथून हातभर लांब. पाणी भिंतीच्या आतून लाकडाच्या कडेने वाट काढत यायचं. दोन वर्षं आम्ही चुकीच्या जागेकडे बघत होतो.

आणि त्यावर सर्व्हिसवाल्यांनी काय केलेलं, तर सिलिकॉन फासलेलं. म्हणजे गळती नाही म्हणायचं आणि वरून गुपचूप सिलिकॉनही मारायचं, कमाल आहे. त्याच्यावर नंतर दुसरं काहीच धड चिकटत नाही म्हणून तुम्ही दुपारभर शिडीवर उभे राहून ते खरवडत बसलात. प्लॅस्टिकच्या स्क्रॅपरने, छपराच्या रबराला ओरखडा नको म्हणून. मग लाइट काढून खाली नवी ब्यूटिल टेप, म्हणजे ती चिकट रबरी पट्टी, वर सीलंट. सामान तुमच्याच पेटीतलं, पैसे घेतले नाहीत, त्यावर वाद घालू नका असा चेहरा केलात.

जाताजाता टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवलेत, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी होती म्हणून आम्ही खूश होतो, पण रबर वयानेही म्हातारं होतं, बदलले आता चारही. आणि हो, संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह आम्ही कायम उघडा ठेवायचो, पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत डोंगर होऊन बसतं, हे तुम्ही एवढ्या सभ्य शब्दांत समजावलंत की आम्हाला कळायलाच पाच मिनिटं लागली. नंतर हसून हसून पोट दुखलं.

आम्ही असं राहतो म्हटलं की लोक एकतर "वा, काय मजा!" म्हणतात नाहीतर "कधी सेटल होणार?" विचारतात. दोन्ही ऐकून हसायची सवय झालीये. शिकलेल्या माणसांचं, दुकानदारांचं, हसऱ्या चेहऱ्याने फोन उचलणाऱ्यांचं सगळं वागणं बघितलं, पण आमच्या दाराशी थांबून चप्पल-बूट कुठे काढू असं कुणाला वाटलं नव्हतं. चांगुलपणा म्हणजे मोठं काहीतरी असतं असं मला वाटायचं. तुम्हाला तर आपण काही केलं असंही वाटत नसणार.

कोपरा कोरडा आहे. त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले, दोन्ही वेळा रात्री उठून मी अंगठ्याने दाबून बघितलं. खराब झालेली फळी नवऱ्याने स्वतः बदलली, जरा वाकडी बसलीये पण बसलीये.

आणि तुमचा तो पिवळा स्क्रॅपर आमच्याकडेच राहिलाय. आम्ही परत आलो तोवर तुमची जागा रिकामी होती, गवतावर फक्त चाकांचे दोन पट्टे. धुऊन, पुसून दाराजवळच्या खणात ठेवलाय. उन्हाळ्यात तुम्ही पुन्हा त्याच पार्कात असता म्हणालात ना, आम्ही येतोय.