चौदा मुद्द्यांचे विल्सन आणि टपाल खात्यातले आडोसे

संपादक महोदय,

अमेरिकेचे पहिल्या महायुद्धाच्या काळातले अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्याविषयी लेख आला की चौदा मुद्दे (युद्धानंतरच्या शांततेसाठी त्यांनी मांडलेला कार्यक्रम), राष्ट्रसंघ आणि १९१९ चे शांततेचे नोबेल यांवर रकानेच्या रकाने भरतात. वर्णद्वेषाचा विषय निघालाच तर शेवटी, ‘काळाची मर्यादा’ म्हणून, एका ओळीत. आमचा आक्षेप नेमका या ओळीला आहे. विल्सन येण्याआधी वॉशिंग्टनच्या कित्येक सरकारी कचेऱ्यांत कृष्णवर्णीय आणि गोरे कारकून शेजारी बसून काम करत होते. ती घडी विस्कटली ती विल्सन यांच्याच सरकारने.

सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. एप्रिल १९१३ मध्ये पोस्टमास्टर जनरल, म्हणजे टपाल खात्याचे मंत्री, बर्लसन यांनी रेल्वे टपाल सेवेत वर्णानुसार वेगळे बसवण्याचा विषय मंत्रिमंडळात काढला आणि विल्सन यांनी त्यांना अडवले नाही. मग टपाल व अर्थ खात्यांत टेबलांमध्ये आडोसे उभे राहिले, स्वच्छतागृहे आणि जेवणाच्या जागा वेगळ्या झाल्या. एका कारकुनाचे काम असे होते की त्याला दुसरीकडे हलवणे शक्य नव्हते, म्हणून त्याच्याभोवती चक्क पिंजरा उभारण्यात आला. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी त्याच वर्षी विल्सन यांना लिहिलेल्या अनावृत पत्रात हे नमूद आहे.

१९१४ मध्ये नोकरीच्या अर्जाला छायाचित्र सक्तीचे झाले. दिसायला नियम साधा. पण परीक्षेतल्या पहिल्या तिघांपैकी कोणालाही नेमण्याची मुभा अधिकाऱ्यांना आधीपासूनच होती. छायाचित्र हाती येताच कृष्णवर्णीय उमेदवाराला कारण न देता गाळणे सोपे झाले. यासाठी ना कायदा करावा लागला, ना काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, मतदान. भाषणांवरून चरित्र रचणाऱ्यांच्या हाती म्हणूनच यातले काही लागत नाही. परिपत्रके कोण वाचतो!

‘तेव्हा सगळेच तसे होते’ म्हणणाऱ्यांनी बोस्टनचे कृष्णवर्णीय संपादक विल्यम मन्रो ट्रॉटर यांची माहिती घ्यावी. १९१२ च्या निवडणुकीत त्यांनी विल्सन यांनाच पाठिंबा दिला होता. १२ नोव्हेंबर १९१४ रोजी ते शिष्टमंडळ घेऊन भेटले, तेव्हा वेगळे बसवण्यात अपमान नसून तुमचेच हित आहे, असे विल्सन यांनी त्यांना ऐकवले. ट्रॉटर यांनी प्रतिवाद करताच त्यांच्या बोलण्याचा सूर अध्यक्षांना खटकला आणि भेट आटोपती घेतली गेली. ट्रॉटर काही वेगळ्या काळातले नव्हते.

पॅरिसच्या शांतता परिषदेत ११ एप्रिल १९१९ रोजी, राष्ट्रसंघाचा करार ठरवणाऱ्या समितीत, जपानच्या वांशिक समानतेच्या ठरावाला १७ पैकी ११ मते मिळाली. समितीच्या अध्यक्षपदावरून विल्सन यांनी एकमत हवे म्हणून तो फेटाळला. ऑस्ट्रेलियाचा विरोध कडवा होता हे खरे, पण निर्णय विल्सन यांचा.

यापुढे विल्सन यांच्यावर लेख छापताना १९१३-१४ च्या या आदेशांना एक परिच्छेद द्यावा, आणि तो नोबेलच्या आधी यावा, ही विनंती.

– इतिहासाचे काही अध्यापक