खोका म्हणजे वेष्टन नव्हे

दिनांक: 28 जुलै 2025
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
कुरिअर कंपनीचे मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: विमा उतरवलेले पार्सल भिजल्याबद्दल आणि भरपाई नाकारल्याबद्दल

महोदय,

पुण्याहून 9 जुलैला निघालेलं माझं पार्सल 16 तारखेला वेंगुर्ल्यात पोचलं, ते चिंब भिजलेलं. आत 1990 सालचा ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हा कॉम्प्युटर गेम होता, मूळ खोक्यासकट. किंमत 18,500 रुपये. ती पावतीवर लिहिली होती आणि तेवढ्याचा विमा मी वेगळे पैसे भरून उतरवला होता. माझ्या अर्जावर 24 जुलैला तुमचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘आतील वस्तू चालू स्थितीत आहे, नुकसान केवळ वेष्टनाचे आहे, सबब दावा नामंजूर.’

ज्याला तुम्ही वेष्टन म्हणता, त्याच्यासाठीच मी साडेअठरा हजार मोजले. नुसता गेम आज इंटरनेटवर काहीशे रुपयांत घरबसल्या मिळतो. गेम ज्यांत साठवलेला असतो त्या फ्लॉपी, म्हणजे कॉम्प्युटरच्या जुन्या डिस्क, त्यांतल्या मजकुराला एवढी किंमत कोणी देत नाही. किंमत आहे ती चित्रकार स्टीव्ह पर्सेलने रंगवलेलं चित्र असलेल्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्याला, आतल्या पुस्तिकेला आणि एका चकतीला.

त्या चकतीबद्दल सांगायलाच हवं. एकावर एक बसवलेल्या, मधोमध जोडलेल्या पुठ्ठ्याच्या दोन चकत्या. एकीवर समुद्री चाच्यांच्या चेहऱ्यांचा वरचा भाग, दुसरीवर खालचा. गेम सुरू करताना पडद्यावर एक चेहरा येतो आणि प्रश्न येतो, अमुक ठिकाणी या चाच्याला कोणत्या साली फाशी दिली? चकती फिरवून चेहरा जुळवायचा आणि खाचेत दिसेल ते साल टाइप करायचं. गेमच्या चोरट्या कॉप्या चालू नयेत म्हणून केलेली ही युक्ती. 1996 साली सावंतवाडीच्या क्लासमध्ये आमच्याकडे अशीच एक कॉपी होती. चकती कुठून असणार? आम्ही मुली रोज वेगवेगळी सालं टाकून बघायचो आणि गेम तिथेच बंद पडायचा. ती चकती हातात घ्यायला मला एकोणतीस वर्षं लागली.

आता ती फिरत नाही. पाण्याने दोन्ही चकत्या एकमेकींना चिकटल्या आहेत. तीन दिवस टीपकागदात दाबून ठेवल्या, मग कडेने पातळ सुरी घालून सोडवायला गेले तर एका चाच्याचं कपाळ कागदासकट सोलून आलं. तिथेच हात आवरला. खोक्याचे चारही कोपरे फुगून फुटले आहेत, झाकणाचा रंग पुस्तिकेवर उतरला आहे. फ्लॉपी सावकाश वाळवल्यावर वाचता आल्या, हे मीच प्रामाणिकपणे तुम्हाला कळवलं होतं. तेच वाक्य तुम्ही माझ्याविरुद्ध वापरलंत, याचं फार वाईट वाटलं.

पाठवणाऱ्या गृहस्थांनी पॅकिंग नीट केलं होतं. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, बबल रॅप, बाहेर दुसरा खोका. निघतानाचे फोटो जोडले आहेत. वाटेत कुठेतरी तुमच्या गोदामात पार्सल उघडलं गेलं. त्यांच्या खाकी टेपवर तुमच्या कंपनीची छापील टेप लावलेली आहे. आतल्या पिशव्या कटरने उभ्या फाडून तशाच सोडल्या आहेत आणि कटरचा ओरखडा खोक्याच्या झाकणावरही आहे. तपासणी करायला माझी हरकत नाही, पण जुलै महिन्यात कोकणात जाणारा माल पिशवी न बांधता पुढे पाठवतात का?

पार्सल आणणाऱ्या मुलाबद्दल मला तक्रार करायची नाही. तो शिरोड्यापर्यंतची सगळी गावं भर पावसात मोटारसायकलवर करतो आणि त्याला पावसाळी पिशवीसुद्धा दिलेली नाही. मात्र तुमच्या नोंदीत ‘घरच्या व्यक्तीच्या हाती दिले’ असं लिहिलं आहे, खाली सहीची एक रेघ आहे. त्या वेळी घराला कुलूप होतं, मी बाजारात माझ्या झेरॉक्सच्या दुकानात होते. पार्सल मला पायरीवर, पागोळ्यांखाली सापडलं.

इथल्या दमट हवेत पुठ्ठा टिकवणं किती कठीण आहे हे मला ठाऊक आहे. माझ्याकडचे बावीस खोके स्टीलच्या कपाटात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवून जपलेले आहेत आणि पावसाळाभर कपाटात छोटा बल्ब जळत असतो. एकदा बुरशी धरली की ती फ्लॉपीच्या आतल्या चकतीपर्यंत जाते, आणि तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचं फ्लॉपी वाचणारं हेडही खराब होतं. म्हणून हा खोका मी अजून त्या कपाटात ठेवू शकलेले नाही.

सावंतवाडीत गंजिफा होतात, हाताने रंगवलेली, खेळायची गोल पानं. दशावतारी संचात 120 पानं असतात आणि ती ठेवायला चितारलेली पेटी. ती पेटी फोडून ‘पानं शाबूत आहेत’ म्हटलं तर तिकडे कोणी ऐकून घेईल का?

माझं मागणं असं आहे: विम्याचे 18,500 रुपये आणि वाहतुकीचे 620 रुपये परत करावेत, पोचवल्याची खोटी नोंद दुरुस्त करावी आणि पार्सल कोणत्या गोदामात उघडलं ते लेखी कळवावं. खोका, चकती आणि तुमच्या टेपचे तुकडे मी जपून ठेवले आहेत, तुमचा माणूस येऊन पाहू शकतो. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मी सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही, याची चौकशी मी केलेली आहे.

आपली,
तक्रारदार ग्राहक

सोबत: पावती व विम्याची प्रत, पॅकिंगचे आणि भिजलेल्या वस्तूंचे फोटो, आपल्या 24 जुलैच्या उत्तराची प्रत